अमेरिकेतील हायस्कुलांची क्रमवारी वाचताना या चुका टाळा

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात घर शोधणारे मराठी पालक स्वयंपाकघर पाहण्याआधी शाळेचा क्रमांक पाहतात. त्यात गैर काही नाही. पण तो आकडा आपल्याकडच्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीसारखा वाचला, की गफलत होते.

पहिली चूक क्रमांकांतल्या अंतराला भुलण्याची. ‘यू. एस. न्यूज’ या अमेरिकी माध्यमसंस्थेच्या यादीत सुमारे १८,००० सरकारी हायस्कुले असतात आणि शाळेचे एकूण गुण म्हणजे तिने शेकडा किती शाळांना मागे टाकले, एवढेच. समजा, एक शाळा ४१२वी आणि दुसरी ६५५वी आहे. वरवर मोठे वाटणारे हे अंतर गुणांत मांडले तर साधारण ९७.७ आणि ९६.४ एवढेच उरते, आणि तेवढ्यासाठी घराच्या कर्जाचा बोजा वाढवणे मला तरी पटत नाही.

दुसरी चूक ‘कॉलेजसाठीची तयारी’ या शब्दांवर भाळण्याची. क्रमवारी ज्या घटकांवरून ठरते, त्यांत याला ३० टक्के, म्हणजे सर्वाधिक वजन आहे. परंतु त्यात मोजले जाते ते बारावीच्या किती मुलांनी एपी किंवा आयबी या, हायस्कुलातच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या तोडीच्या अभ्यासक्रमांची निदान एक परीक्षा दिली (२५ टक्के) आणि किती जण निदान एकीत उत्तीर्ण झाले (७५ टक्के). शंभरांपैकी ६० जण बसले आणि ४५ उत्तीर्ण झाले, तर निर्देशांक १५ अधिक ३३.७५, म्हणजे ४८.७५. एक एपी उत्तीर्ण होणारा आणि आठ उत्तीर्ण होणारा, दोघेही येथे सारखेच धरले जातात.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते. व्हर्जिनियातील थॉमस जेफरसन हायस्कूल अनेकदा अग्रस्थानी राहिले आहे, पण तेथे प्रवेशच निवडीने मिळतो; निवडून घेतलेल्या मुलांचे यश सगळेच्या सगळे शाळेच्या खात्यावर कसे जमा करणार? म्हणून विद्यार्थ्यांची सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी लक्षात घेता राज्याच्या परीक्षांत जेवढे यश अपेक्षित होते, त्याहून शाळेने किती अधिक मिळवले, हे सांगणारा २० टक्के वजनाचा घटक आवर्जून वेगळा पाहावा.

घरविक्रीच्या संकेतस्थळांवर दिसणारे ‘ग्रेटस्कूल्स’ या शाळांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचे १ ते १० हे गुण वेगळ्या पद्धतीचे असल्याने त्यांची या क्रमांकाशी तुलना करू नये.

शिवाय यादीमागची माहिती साधारण दोन वर्षे जुनी असते. नववीत जाणाऱ्या मुलीसाठी आपण पाहतो तो क्रमांक शिक्षण पूर्ण करून शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी मिळवलेला असतो. यंदा कोणते एपी विषय शिकवले जातात आणि त्यांना कोणाला बसू देतात, हे शाळेच्या समुपदेशकांनाच विचारावे लागते.