ती शाल उलटी नाही! तोडा भरतकाम घेताना, धुताना, शिकताना या चुका टाळा

उटीहून आणलेली तोडा शाल मी मावशीच्या हातात दिली. तिने आधी ती उलटवली आणि चहा होईपर्यंत कात्री घेऊन बसली. "किती धागे वर सोडलेत गं, फिनिशिंगच नाही," म्हणत काळ्या पट्ट्यावरचे बारीक फास तिने एकेक करून कापले. सगळं मायेनेच केलं, पण दोन धुण्यांत तो पट्टा उसवत गेला.

ते फास मुद्दाम सोडलेले असतात. निलगिरीच्या पठारावर राहणारा, म्हशी पाळणारा हा तोडा समाज संख्येने जेमतेम दोन हजारांचा. पांढुरकं जाडंभरडं सुती कापड बाहेरून येतं, त्यावर बायका लाल-काळ्या धाग्यांनी भरतात. या कामाला त्या पुखूर म्हणतात. टाका आपल्या रफूच्या जातीचा: कापडाचे उभे-आडवे धागे मोजत सुई जाते. ना छापा, ना पेन्सिलची रेघ, ना कापड ताणून धरणारी रिंग. ओळ भरताना जागोजागी धागा किंचित सैल ठेवतात, त्यामुळे नक्षी कापडावर उठून येते आणि हाताला मऊ लागते. काम उलट बाजूने चालतं. आपण जिला खडबडीत, 'मागची' समजतो, तीच बऱ्याचदा त्यांच्या लेखी सुलटी असते. तेव्हा शाल हातात आली की दोन्ही बाजू बघा आणि कात्री लांब ठेवा. एखादा फास बांगडीत अडकून लांब ओढला गेला, तर बोथट सुईने त्याच ओळीतल्या पुढच्या टाक्यांत थोडा थोडा सरकवत न्या. पाच मिनिटांत जागेवर बसतो.

खरेदी करताना

बाजारात छापील आणि मशीनच्या नकला भरपूर आहेत. छापील कापड उलटं केलं की नक्षी फिकट दिसते किंवा दिसतच नाही. मशीनच्या कामात मागे वेगळाच बारीक दोरा असतो, बऱ्याचदा कडक अस्तरही. हातच्या कामात तोच जाड धागा दोन्हीकडे दिसतो, आणि कुठेतरी टाक्यांत उणंअधिकही होतं. त्याला खोट म्हणून भाव पाडू नका. अख्खी शाल भरायला घरची कामं उरकून आठवडेच्या आठवडे लागतात. मला तर इथली घासाघीस नकोशीच वाटते. तोडा भरतकामाला 2013 साली भौगोलिक मानांकन (हे नाव त्या भागातल्या अस्सल कामाचंच, अशी कायदेशीर नोंद) मिळालंय, त्यामुळे दुकानदाराला कोणी भरलं, कुठून आलं, हे बिनदिक्कत विचारा.

धुताना

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. धागा पूर्वापार लोकरीचा, आता बऱ्याचदा ॲक्रिलिकचा. कापड मात्र सुती. गरम पाण्यात लोकर आटते आणि कापडाला चुण्या पडतात. धागा ॲक्रिलिकचा असेल तर तो तसाच राहतो, कापड आटतं आणि नक्षी फुगते. धागा कुठला, हे कळायला कडेचा सुटा तुकडा सांडशीत धरून जाळून बघा. जळक्या केसांचा वास आला तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

पहिल्या धुण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालाने लाल भाग टिपून घ्या. रुमालावर रंग आला तर शाल ड्रायक्लीनिंगला द्या. नाही आला तर थंड पाणी, सौम्य साबण, भिजत न ठेवता हाताने हलकं दाबणं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवी पसरा. पाण्यात मूठभर मीठ टाकून रंग पक्का होतो या समजुतीवर मी एकदा विसंबले होते आणि पांढऱ्यावर गुलाबी ढग उमटले. असं झालंच, तर शाल वाळू देऊ नका, इस्त्री तर नकोच. लगेच थंड पाण्यात घाला आणि पाणी नितळ होईपर्यंत बदलत राहा. माझे ढग पाचव्या पाण्याला बरेचसे गेले.

कापून पिशवी, उशीचा अभ्रा?

शक्यतो नको. टाके विणीच्या ओळीने जातात, त्यामुळे कापलेल्या कडेने धागे सरसर निसटतात. जुनी शाल फाटलीच असेल, तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची टीप मारा.

स्वतः शिकताना

कसुती हे कर्नाटकातलं भरतकाम येणाऱ्यांना हे लवकर जमेल, तिथेही धागे मोजावेच लागतात. गुळगुळीत पॉपलिन घेतलं तर मोजता मोजता डोळे दुखतील. विण सुटी दिसेल असं जाड कापड किंवा मॅटी (भरतकामासाठी मिळणारं, चौकटी मोजता येतील असं सुती कापड) घ्या. रिंग लावू नका, ताणाने विण सरकते आणि धाग्याला सैलपणा देता येत नाही. नक्षी मध्यावर जुळत नसेल, तर चूक बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत असते. पुढच्या ओळीत एक धागा चोरून भागवू नका, नक्षी तिरपी होत जाते. तिथवर उसवा. आणि तुम्ही भरलेल्या कापडावर विकताना 'तोडा' लिहू नका, ते नाव त्यांचं आहे.

ठेवताना लोकरीच्या धाग्याला कसर लागते हे लक्षात असू द्या. शाल स्वच्छ, पूर्ण वाळलेली हवी, जुन्या सुती साडीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून घडी वेगळ्या जागी घाला. माझी शाल मी मावशीच्याच नऊवारीत ठेवते; उसवलेला काळा पट्टा तिने गेल्या दिवाळीत मोजून मोजून पुन्हा भरून दिला, या वेळी फास ठेवून.