टेस्टमध्ये कार्ड चालतं, लाइव्हचा अर्ज मात्र परत येतो: माझा अनुभव

घरचा गोडा मसाला आणि मेतकूट ऑनलाइन विकायला घेतलं. पेमेंट गेटवेच्या (साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खरे पैसे न लागणाऱ्या चाचणीत, क्रेडिट कार्ड चालायचं, पण लाइव्हचा, म्हणजे खरे पैसे घ्यायच्या परवानगीचा अर्ज ‘माहिती जुळत नाही’ म्हणून तीनदा परत आला. पॅन पुन्हा स्कॅन केलं, चेकचा फोटो बदलला, शेवटी गेटवेच बदलला. तिथेही तेच. डोकं पार उठलं.

घोळ नावाचा होता. साइटवर दुकानाचं नाव, बचत खात्यावर माझं.

आधी उद्यम नोंदणीत (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) दुकानाचं नाव घातलं, मग तेच शॉप ॲक्टच्या कागदावर. एकीकडे ‘मसाले’ आणि दुसरीकडे ‘मसाला’ झालं होतं, तेही सुधारलं. हे दोन कागद दाखवून बँकेत त्याच नावाने चालू खातं उघडलं. त्यानंतर साइटच्या तळाशी संपर्क, अटी, गोपनीयता, डिलिव्हरी आणि परतावा ही पानं टाकली. परताव्यात ‘लवकरच’ लिहिलं होतं, ते खोडून ‘7 दिवसांत’ केलं. एफएसएसएआय नोंदणी (खाद्यपदार्थ विकायला लागणारी) आणि नव्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडून अर्ज पाठवला. या वेळी मंजूर!

लगेच साइटमधल्या टेस्टच्या ‘की’ (साइटला गेटवेशी जोडणारे कोड) काढून लाइव्हच्या टाकल्या आणि स्वतःच्याच कार्डाने मेतकुटाचं एक पाकीट मागवलं. पैसे खात्यात दिसेपर्यंत कुणाला लिंक दिली नाही.

दराचं म्हणाल तर 2 टक्के शुल्कावर 18 टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे 10,000 रुपयांच्या ऑर्डरमागे 236 रुपये. त्यात वार्षिक फी नको, म्हणून दुसरा गेटवेच ठेवला.