जुनी १.३ डिझेल वापरताय? या चुका टाळा

१२४८ सीसीचं हे इंजिन मूळचं फियाटचं, मल्टिजेट. स्विफ्टमध्ये ते डीडीआयएस झालं, टाटा व्हिस्टात क्वाड्राजेट. साध्या टर्बोचं असेल तर ७५ पीएस आणि १९० एनएम. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांतून ते गेलं, पण सेकंड हँड बाजारात अजून पैशाला पासरी मिळतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ‘बेल्ट नाही, चेन आहे, मग बघायलाच नको’ असं म्हणणं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखते ती ही टायमिंग चेन. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. त्यातलं लिटरभर उडालं तरी ऑइलचा लाल दिवा लागेलच असं नाही. तोवर चेन ढिली होते, एखाद दिवशी दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून दर पंधरवड्याला गार इंजिनची डिपस्टिक पुसून बघा. मारुती दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. जुनी गाडी शहरातच फिरत असेल तर मी साडेसात हजारांवर बदलतो.

चेन सैल असेल तर सकाळच्या पहिल्या सेलला दोन-तीन सेकंद बादलीत साखळी ढवळल्यासारखी खळखळ येते, मग गप्प. मी पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा मालकाने ती आधीच गरम करून ठेवली होती. मला वाटलं, काय पण सोय बघतो माणूस! गाडी बघायला जाताना बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. आणि अशी खळखळणारी गाडी उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर उभी करू नका. इंजिन उलटं फिरलं तर चेन तिथेच दात सोडू शकते.

पिकअप गेला, काळा धूर येतोय, की मिस्त्री थेट टर्बोवर येतो. आधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करतो तो) पाइप फाटलेत का, क्लिपा निसटल्यात का आणि ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडतो तो) काजळीने चिकटलाय का, हे बघायला लावा. ही काजळी बऱ्याचदा आपल्याच हाताने चढते. हा टर्बो दोन हजार आरपीएमच्या आसपास जागा होतो आणि आपण वरंधा घाट तिसऱ्यात, बाराशेवर रडत चढवतो. दुसरा टाका की!

डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात तरी काढाच. फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा राहिली तर गाडी चालू होत नाही. अशा वेळी सेल मारत बसू नका, बॅटरी बसेल. आधी हवा काढा.