आधी कान, मग हलगी, मग जीभ : इंग्रजी उच्चार शिकवायचे कसे

कोल्हापुरात स्पोकन इंग्लिशच्या संध्याकाळच्या वर्गाला येणारी माणसं पहिल्याच दिवशी सांगतात, "सर, ग्रामर येतंय, पण बोललेलं समोरच्याला कळंना." ही अडचण खरी आहे आणि सुटणारी आहे. सुरुवातीला मी थेट जीभ कुठे, ओठ कुठे यावरच यायचो. विद्यार्थी दमायचे. आता माझा क्रम पक्का आहे: आधी ऐकणं, मग आघात (म्हणजे शब्दातल्या कुठल्या भागावर जोर द्यायचा ते), शेवटी सुटे ध्वनी.

पहिले तीन-चार दिवस पुस्तक बंद ठेवा. मराठी जशी लिहितो तशी वाचतो, त्यामुळे स्पेलिंग दिसलं की आपण ऐकायचं थांबतो आणि वाचायला लागतो. मोबाईलवरच्या डिक्शनरीतून दोन शब्द ऐकवा आणि एवढंच विचारा, एकच की वेगळे? पेन आणि पॅन. बेट, बॅट, बट. मराठीत ॲ साठी वेगळी खूण आहे, तिचा इथे मोठा उपयोग होतो. ज्याला फरक ऐकू येत नाही, त्याला तो बोलायला लावू नका. अजून चार दिवस ऐकू द्या.

मग आघात. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. मराठीत शब्दातल्या कुठल्याही अक्षरावर जोर दिला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला त्याचं महत्त्व जाणवत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड'च्या पहिल्या भागावर जोर दिला की नोंद, दुसऱ्यावर दिला की नोंदवणे. आपण 'हॉटेल' म्हणताना जोर 'हॉ'वर टाकतो. इंग्रजीत तो 'टेल'वर असतो.

हे समजावायला मी टेबलाचीच हलगी करतो. जत्रेत, मिरवणुकीत, कुस्तीच्या मैदानात हलगी सगळ्यांनी ऐकलेली असते. जोराची थाप आणि हलकी थाप वेगळी सांगावी लागत नाही. शब्द तोडा आणि वाजवा. फो-ट-ग्राफ: पहिली थाप जोरात. फ-टॉ-ग्र-फर: दुसरी जोरात. फो-ट-ग्रॅ-फिक: तिसरी. आता विद्यार्थ्यांना विचारा, हलक्या थापेखाली स्वराचं काय झालं? 'टॉ'चा 'ट' झाला, 'फो'चा 'फ' झाला. जोर नसलेला स्वर बहुतेक वेळा 'कमळ'मधल्या पहिल्या 'अ'सारखा पुसट होतो. हा 'अ' आपल्या तोंडात जन्मापासून आहे, फक्त तो कुठे वापरायचा ते शिकवायचं. वर्गात हे उमगलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सुटे ध्वनी थोडेच घ्या. आपण 'वॉच' व ने लिहितो आणि 'व्हॅन' व्ह ने, पण बोलताना दोन्ही एकच करतो. 'वॉच'साठी ओठांचा चंबू करून आधी 'ऊ' म्हणायला लावा आणि तिथून ओठ उघडू द्या: ऊ-ऑच. 'व्हॅन'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आवाज काढायचा, त्यात 'ह' मिसळायचा नाही. 'झू'साठी लांब 'स्‌स्‌स्' म्हणत गळ्यावर हात ठेवायचा आणि जीभ न हलवता गळा थरथरवायचा. भुंग्यासारखा आवाज येतो, तोच हवा. 'पिन' म्हणताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरा, ती फडफडली पाहिजे. आपला साधा 'प' इंग्रजांच्या कानाला 'बिन'सारखा लागू शकतो. 'थिंक'च्या 'थ'वर मी वेळ घालवत नाही, मराठी थ ने काम भागतं.

विद्यार्थी बोलत असताना मध्येच तोडू नका. चुका वहीत टिपा, बोलणं संपल्यावर दोनच सांगा. दर शनिवारी प्रत्येकाचं एक मिनिटाचं बोलणं त्याच्याच मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. महिन्याने पहिलं आणि शेवटचं त्याला सलग ऐकवा.

घरचा अभ्यास रस्त्यावरचा द्या. राजारामपुरीतून चालताना पाट्यांवरचे पाच इंग्रजी शब्द टिपून आणायचे: बेकरी, फर्निचर, इलेक्ट्रिकल्स, काहीही. प्रत्येकात जोराची थाप कुठे, ते आधी अंदाजाने लिहायचं, मग डिक्शनरीत ऐकायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात एकाने शब्द न बोलता नुसता टेबलावर वाजवायचा आणि बाकीच्यांनी पाचांपैकी कोणता ते ओळखायचं.