उंचीनुसार माती आणि वनस्पती कशा बदलतात, हे तुंगनाथच्या उतारावर कसे मोजावे

गढवाल हिमालयात चोपता हे ठिकाण सुमारे 2,700 मीटरवर, त्याच्या बऱ्याच वर तुंगनाथ मंदिर आणि मंदिराच्याही वर चंद्रशिळा शिखर आहे. या एकाच चढणीत खरसू (ओकची एक जात) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉनचा वृक्ष) यांचे जंगल, वृक्षरेषेजवळची, म्हणजे जिच्यावर झाडे वाढत नाहीत त्या उंचीजवळची, खुरटी ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे आणि त्यावरची बुग्याल, म्हणजे गवताळ कुरणे, ओळीने लागत असल्यामुळे हा उतार अभ्यासाला फार सोयीचा आहे. हे संरक्षित क्षेत्र असल्याने माती किंवा रोपाचा नमुना घेण्यापूर्वी वन विभागाची लेखी परवानगी मिळवावी.

उंची हे स्वतः कारण नसते, हे जागा निवडण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. वर जाताना दर 100 मीटरला तापमान साधारण 0.65 अंशाने घटते, बर्फ जास्त काळ टिकतो आणि वाढीचा हंगाम आखडतो. खरा परिणाम या गोष्टींचा असतो. आपले कास पठार उंचीमुळे नव्हे, तर जांभ्यावरच्या अतिशय पातळ मातीमुळे बहुतांशी वृक्षहीन आहे. म्हणून दर 200 मीटर उंचीवर किमान तीन जागा घ्याव्यात आणि त्या सर्वांची दिशा व उतार शक्यतो सारखा ठेवावा, कारण उत्तर उतारावर बर्फ उशिरा वितळतो आणि दक्षिण उताराशी केलेली तुलना फसवी ठरते. मेंढ्यांचे तळ आणि यात्रेकरूंची पायवाट टाळावी. प्रत्येक जागी 10 सेंटिमीटर खोलीवर तापमान नोंदवणारे यंत्र वर्षभर पुरून ठेवता आले, तर निष्कर्षांना खरा आधार मिळतो.

नमुने ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, वनस्पती भरात असताना घ्यावेत. एक मीटर चौरस चौकट टाकून प्रत्येक जातीचे आच्छादन आणि उंची नोंदवावी. ब्रह्मकमळ, कुटकी यांसारख्या दुर्मिळ वनस्पतींना हात न लावता त्यांचा फोटो आणि नोंद पुरेशी मानावी. पाल्याबरोबर मुळेही मोजावीत, कारण वृक्षरेषेवरच्या (अल्पाइन) वनस्पतींचे बरेचसे वजन जमिनीखाली असते.

मातीसाठी ठरावीक आकारमानाचे धातूचे कडे वापरावे. वरचे गवत कात्रीने कापावे, कड्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ते हलकेच ठोकावे आणि बाहेर काढल्यावर दोन्ही बाजू सुरीने सपाट कराव्यात. दगड आडवा आला, तर सोपी जागा शोधू नये. छोटा खड्डा खणून त्याचे आकारमान मोजावे आणि दगडांचा वाटा नोंदवावा. माती किती खोल आहे, हेही लिहावे.

प्रयोगशाळेत माती 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळावी आणि मुळे वेगळी काढावीत. घनतेसाठी वेगळा भाग 105 अंशांवर वाळवावा. सेंद्रिय कर्ब (कार्बन) वॉकली-ब्लॅक पद्धतीने, म्हणजे डायक्रोमेट या रसायनाने कर्बाचे ऑक्सिडीकरण करून, काढताना काळ्या, कर्बयुक्त मातीत डायक्रोमेटचा नारिंगी रंग पूर्ण हिरवा झाला, तर ते रसायन संपलेले असते. अशा वेळी नमुन्याचे वजन कमी करून चाचणी पुन्हा करावी. पद्धत कोणतीही असो, सर्व उंचींसाठी एकच ठेवावी.

सर्वाधिक काळजी हिशेबात घ्यावी लागते. थंडीत विघटन मंदावल्याने वरच्या कुरणांत कर्बाची टक्केवारी पुष्कळदा जास्त दिसते, परंतु तेवढ्यावरून साठाही, म्हणजे दर हेक्टरी कर्बाचे एकूण वजनही, जास्त आहे, असे म्हणता येत नाही. समजा, वरच्या जागी कर्ब 8 टक्के, बारीक मातीची घनता दर घन सेंटिमीटरला 0.7 ग्रॅम, खोली 10 सेंटिमीटर आणि दगड 30 टक्के आहेत. टक्केवारी, घनता, खोली आणि दगड वगळून उरलेला वाटा (येथे 0.7) यांचा गुणाकार केला, तर 8 × 0.7 × 10 × 0.7 म्हणजे हेक्टरी सुमारे 39 टन. खालच्या जंगलात कर्ब 5 टक्केच, पण घनता 0.9, खोली 30 सेंटिमीटर आणि दगड 10 टक्के असतील, तर साठा सुमारे 121 टन भरतो. म्हणून टक्केवारी आणि साठा असे दोन वेगळे आलेख काढावेत. आणखी वर वनस्पतीच विरळ झाल्या, तर मातीत पडणारा पालापाचोळाही घटतो आणि टक्केवारीसुद्धा पुन्हा खाली येऊ शकते. त्यामुळे सर्व बिंदूंतून एकच सरळ रेषा ओढण्याची घाई करू नये.