मसाल्याचा घरगुती धंदा वाढतोय? डिझायनर, फोटोग्राफर, लिहिणारा माणूस कधी आणि कसा घ्यायचा

घरून मसाले, लोणची, लाडू-चिवडा विकणारे कितीतरी लोक एका ठराविक जागी येऊन अडकतात. माल चांगला असतो, रिपीट ऑर्डर येतात, पुण्याच्या भीमथडीला नाहीतर मुंबईच्या महालक्ष्मी सरसला स्टॉल लावला की माल संपतो, पण लेबल अजून तेच, भाच्याने मोबाईलवर बनवून दिलेलं, इन्स्टावर पोस्ट टाकायची ती रात्री भांडीकुंडी उरकल्यावर, आणि दुकानदार म्हणतो "ताई माल एक नंबर आहे, पण पाकीट जरा नीट करा, बाकीच्यांत दिसतच नाही". मग एकतर काहीच होत नाही, किंवा थेट मोठी एजन्सी गाठली जाते, किंवा एक मुलगा पगारावर ठेवतात ज्याने लोगो, फोटो, रील, वेबसाईट सगळंच करायचं. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीला या तिन्ही गोष्टी टाळा. आधी एक काम पक्कं ठरवा, त्या एका कामासाठी योग्य माणूस शोधा, त्याला नीट पैसे द्या. हे कसं करायचं ते मसाल्याच्या धंद्याचं उदाहरण घेऊन सांगते, कपडे, साबण, दागिने विकणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल.

पहिलं, वेळ झालीये का ते बघा

पंधरा दिवस एक वही ठेवा आणि त्यात दोनच गोष्टी लिहा. पोस्टर, फोटो, लेबल, व्हॉट्सॲप स्टेटस यात तुमचा किती वेळ जातोय, आणि गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा काय विचारतंय. "तिखट किती आहे?", "किती दिवस टिकतो?", "कांदा-लसूण आहे की बिनकांद्याचा?" हे प्रश्न रोज येत असतील तर ती माहिती पाकिटावर नाहीये, किंवा आहे पण कोणाला दिसत नाहीये. आणि तो वेळ तुम्ही मिरच्या निवडण्यात, नवीन दुकानं जोडण्यात घातला असता तर जास्त पैसे आले असते असं वही बघून वाटलं, तर वेळ झाली.

काही वेळा मात्र थांबलेलंच बरं. मसाल्याचं प्रमाण अजून बदलतंय, १०० ग्रॅम विकायचं की २०० ते ठरलं नाही, एफएसएसएआयचा म्हणजे अन्नपरवान्याचा नंबर हातात नाही, अशा वेळी डिझायनरकडे जाऊ नका, कारण प्रत्येक बदलाला परत पैसे आणि परत प्रिंटिंग. मोठ्या संख्येने छापील पाऊच करायचे असतील तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर म्हणजे छपाईचा रूळ बनतो आणि मजकुरात चूक निघाली तर ज्या ज्या रंगात ती आहे ते सिलिंडर नवीन करावे लागतात, ते महागात पडतं. म्हणून धंदा अजून चाचपडत असेल तोवर साधा पाऊच आणि त्यावर छापील स्टिकर, हेच ठीक.

मग एकच काम निवडा

"मार्केटिंगला कोणीतरी पाहिजे" हे काम झालं नाही. लेबल करणारा ग्राफिक डिझायनर वेगळा, पदार्थाचे फोटो काढणारा वेगळा, मजकूर लिहिणारा वेगळा, रील एडिट करणारा वेगळा. यातली दोन कामं चांगली करणारी माणसं भेटतात, चारही चांगली करणारा क्वचित, आणि तो भेटला तर तो स्वस्त नसतो.

मी पहिला नंबर लेबल-पाकिटाला देते. कारण तेच दुकानात दिसतं, तेच फोटोत येतं, तेच ऑनलाईन लिस्टिंगला लागतं, आणि पाकीट बदलायचंच असेल तर आधी फोटो काढून उपयोग नाही. दुसरा नंबर फोटोंचा. ॲमेझॉनवर विकणार असाल तर मुख्य फोटो पांढऱ्याशुभ्र बॅकग्राउंडवरच लागतो, तो आणि ताटातला एखादा छान फोटो एकाच दिवसात उरकून घ्या. रील नंतर. रील तुम्ही स्वतः मोबाईलवर केलेलं सुद्धा चालतं, उलट मसाला कांडताना तुमचा आवाज असलेलं लोकांना जास्त आवडतं.

ब्रीफ लिहा, एक पान पुरे

"काहीतरी हटके करा, कोल्हापुरी फील पाहिजे" असं सांगितलं की डिझायनर अंदाजाने काम करतो आणि मग दोघंही वैतागतात. ब्रीफ म्हणजे काय काम हवंय ते थोडक्यात लिहिलेलं पान, त्यात भानगड वाटायला नको, साधारण असं लिहायचं:

"कांदा-लसूण मसाला, २०० ग्रॅम, उभा पाऊच. घेणाऱ्या बहुतेक बायका, पुणे-मुंबईत राहणाऱ्या, माहेर कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडचं, घरी मसाला करायला वेळ नाही. विक्री तीन वाणी दुकानं, व्हॉट्सॲप आणि दिवाळीआधीची प्रदर्शनं. पाकिटावर लांबून तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत, नाव, तिखटपणा, कांदा-लसूण असल्याचं. रंग लाल चालेल पण शेजारच्या ब्रँडसारखा नको, त्यांचा फोटो जोडलाय. मागचा मजकूर मी देते. उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीच्या शेवटी छापून हातात पाहिजे. बजेट अमुक." बजेट लिहायला लाजू नका, त्याने समोरच्याला किती काम द्यायचं ते कळतं आणि दोघांचा वेळ वाचतो.

कायद्याने लागणारा मजकूर ही तुमची जबाबदारी, डिझायनरची नाही. घटक पदार्थ, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, युनिट सेल प्राइस म्हणजे ग्रॅममागे किंमत, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन-ईमेल, एफएसएसएआयचा लोगो आणि १४ आकडी नंबर, शाकाहारी असल्याचं चौकोनातलं हिरवं ठिपक्याचं चिन्ह, शेंगदाणा वगैरे असेल तर ॲलर्जीची सूचना, आणि तुमच्या मालाला लागू असेल तर न्यूट्रिशनचा तक्ता. ही यादी टाईप करून सल्लागाराकडून तपासून मगच द्या. डिझाईन झाल्यावर "अरे हे राहिलंच" म्हणून कोपऱ्यात मजकूर कोंबला की पाकिटाची वाट लागते.

माणूस कुठे शोधायचा

ज्यांचं पाकीट तुम्हाला आवडतं अशा छोट्या ब्रँडला सरळ फोन करून विचारा कोणी केलंय, बहुतेक जण सांगतात. पाऊच छापणाऱ्याला विचारा, त्याला माहीत असतं कोणाच्या फाईल व्यवस्थित येतात. मुंबईचं जे. जे. उपयोजित कला, पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय, कोल्हापूरचं कलानिकेतन, पणजीचं गोवा कॉलेज ऑफ आर्ट, इथून ॲप्लाइड आर्ट करून बाहेर पडलेली मुलं-मुली फ्रीलान्स म्हणजे नोकरी न करता सुटी कामं घेतात, शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन लागतं ते जाऊन बघा, कारण तिथे एकाच्या शेजारी एक काम ठेवलेलं असतं आणि कोणाचा हात कसा आहे लगेच कळतं.

पोर्टफोलिओ म्हणजे आधी केलेली कामं बघताना स्क्रीनवरचे चकचकीत मॉकअप (कॉम्प्युटरवर बनवलेली नमुना चित्रं) बघून भुलू नका, छापून आलेलं पाकीट किंवा खोका हातात मागा. तो डिझायनर छापखान्याशी बोललाय का, कीलाइन (पाकीट कुठे कापायचं-दुमडायचं त्या रेषा) म्हणजे काय, ब्लीड (कापण्यासाठी कडेला जास्त सोडलेला रंग) किती सोडायचा हे त्याला माहिती आहे का ते त्यावरून कळतं. आणि दोन-तीन जणांत ठरत नसेल तर छोटं काम देऊन बघा, पैसे देऊन. एखादं स्टिकर किंवा प्रदर्शनाचा स्टँडी म्हणजे उभा फलक. "आधी तीन डिझाईन फुकट दाखवा, आवडलं तर पैसे" हे मला अजिबात पटत नाही, आपण कोणाला लाडवांचा डबा फुकट देऊन आवडला तर पैसे द्या म्हणत नाही.

मराठीकडे खास लक्ष द्या

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात आणि कोणी बोलत नाही. डिझायनर चांगला असतो पण त्याने आयुष्यभर इंग्रजीतच कामं केलेली असतात. मराठी मजकूर सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला आणि सेटिंग बरोबर नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, "करणाऱ्यांसाठी" मधला ऱ्या जाऊन "करणार्यांसाठी" होतं, आणि ते हजारो पाकिटांवर छापून येतं. ल आणि श मराठी वळणाचे हवेत की हिंदी वळणाचे तेही आधीच सांगा, काही फॉन्टमध्ये भाषा मराठी ठेवली की ते बदलतात. श्रीलिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर असेल तर फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तो गिचमिड दिसतो, त्यामुळे तुम्ही युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाईलवर टाईप करतो त्या पद्धतीने, टाईप करून द्या. फॉन्टवर खर्च नको असेल तर मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात.

मजकुराचं तर वेगळंच. इंग्रजीतून उलथवलेलं मराठी लगेच ओळखू येतं, "प्रीमियम गुणवत्तेच्या निवडक घटकांपासून बनवलेले" असलं वाचून कोणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. लिहिणारा माणूस घेतलात तर त्याला कागद देण्याऐवजी मोबाईलवर तुमचं बोलणं रेकॉर्ड करून द्या, गिऱ्हाईकाला समजावता तसं बोला, "तेल जास्त तापवू नका, मसाला टाकला की लगेच वाटीभर पाणी घाला, नाहीतर करपतो आणि कडवट लागतो, मटकीच्या रश्श्याला दीड चमचा पुरे". हेच थोडं आवरून पाकिटामागे आलं की झालं, एवढं नेमकं एजन्सीच्या ऑफिसात बसून कोणाला सुचणार नाही. छापायच्या आधी मराठी नीट वाचणारी दोन माणसं शोधा, एखाद्या शाळेतल्या बाईंना दाखवा आणि ज्याने कधीच हा मसाला वापरला नाही त्याला दाखवा.

पैसे, कागद आणि हक्क

व्हॉट्सॲपवर बोलणं झालं तरी एक ईमेल किंवा एक पान करा, त्यात काम काय, किती वेळा बदल करून मिळणार (दोन-तीन ठीक), तारीख, रक्कम, आधी किती आणि नंतर किती, जीएसटी वेगळा की धरून, आणि शेवटी कोणत्या फाईल मिळणार. ओपन फाईल मागा, म्हणजे नंतर बदल करता येणारी मूळ फाईल, एआय (इलस्ट्रेटरची) किंवा सीडीआर (कोरलड्रॉची), सोबत पीडीएफ, वापरलेल्या फॉन्टची नावं, आणि छपाईसाठी अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्र केलेली, वेगळी फाईल. फक्त जेपीजी घेऊन घरी आलात तर पुढच्या वर्षी एमआरपी बदलायलाही त्याच माणसाच्या मागे फिरावं लागेल.

हक्कांचं नीट समजून घ्या. पैसे दिले म्हणजे लोगो आपोआप आपला झाला असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम सहसा मालकाचं होतं, मोबदला देऊन काढून घेतलेले फोटोही वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेणाऱ्याचे, पण फ्रीलान्सरने केलेल्या लोगोचा पहिला हक्क त्या फ्रीलान्सरचा असतो आणि तो तुमच्या नावावर करायला त्याच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, उद्या दुबईला किंवा अमेरिकेतल्या मराठी मंडळींना माल पाठवायचा असेल तर हे महत्त्वाचं. म्हणून "कॉपीराइटची पूर्ण मुदत, संपूर्ण जग" असं लिहूनच घ्या, एखाद्या वकिलाची फी गेली तरी चालेल. कॅनव्हा या डिझाईनच्या ॲपमधलं तयार चित्र लोगोत वापरू देऊ नका, तेच चित्र दुसरा कोणीही वापरू शकतो. नाव आणि लोगो पक्का झाला की ट्रेडमार्कचा म्हणजे नाव-लोगो नोंदवण्याचा अर्ज करा, मसाले क्लास (मालाचा गट) ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, छोट्या उद्योगाला ऑनलाईन सरकारी फी क्लासमागे ४,५०० रुपये.

आणि त्यांचे पैसे वेळेवर द्या. फ्रीलान्सरकडे उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर कायद्यानेच लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण कायदा बाजूला ठेवा, ज्याचे पैसे दिवाळीपर्यंत लटकवले तो तुमची पुढची फाईल सगळ्यात शेवटी उघडणार.

काम चालू असताना

अभिप्राय एकाच माणसाने द्यायचा. नवरा, जाऊबाई, पुतण्या सगळ्यांचं मत घरात घ्या, पण डिझायनरला एकच मेसेज गेला पाहिजे. "मजा नाही आली" याने त्याला काही कळत नाही. "दुकानात चार फुटांवरून तिखटपणाची खूण वाचता येत नाही" हे लिहिलं की तो दहा मिनिटांत सुधारतो. पहिला नमुना खऱ्या साईझमध्ये प्रिंट काढा, पाऊचला चिकटवा, ज्या दुकानदाराने तक्रार केली होती त्याच्या रॅकवर नेऊन ठेवा आणि लांबून फोटो काढा. स्क्रीनवरचा लाल आणि छपाईतला लाल वेगळा येतो, त्यामुळे छापखान्याकडून प्रूफ म्हणजे छपाईचा नमुना घेऊन त्यावर सही केल्याशिवाय मशीन चालू करायला सांगू नका.

पगारावर कधी ठेवायचं

पहिलं काम चांगलं झालं की त्याच माणसाला महिन्याच्या ठराविक रकमेवर ठरलेली कामं द्या, म्हणजे आठ पोस्ट, एक ऑफरचं बॅनर, लेबलचे किरकोळ बदल असं मोजून. सहा महिने तो हिशोब ठेवा. काम दर महिन्याला त्या रकमेच्या बाहेर जायला लागलं, आणि सणासुदीलाच नाही तर जूनमध्येही जातंय, तेव्हा नोकरीचा विचार करा. तेव्हाही जाहिरातीत "ऑलराउंडर पाहिजे" लिहू नका, वहीत जे काम सगळ्यात जास्त वेळा आलंय त्याच कामाचा माणूस घ्या, बाकीचं बाहेरून करून घ्या. आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या ओपन फाईल, फोटो, पासवर्ड कंपनीच्या ईमेलवरच्या ड्राइव्हमध्ये ठेवायची सवय लावा, त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर नाही.