आजोबा तालुक्याला वकील होते? मग माहिती अशी गोळा करा

आता पुण्यात राहणाऱ्या बऱ्याच जणांचे आजोबा जुन्नर, भोर, सासवड असल्या ठिकाणी वकिली करायचे, पण घरात माहिती काय तर काळा कोट घातलेला एक फोटो, बस्स.

सुरुवात सनदेपासून, म्हणजे वकिलीच्या परवान्यापासून करा. माळ्यावरच्या ट्रंकेत सनद नाहीतर डिग्री सापडतेच बहुतेक. पुणे विद्यापीठ १९४९ साली झालं, त्यामुळे त्याआधीची एलएलबी असेल तर कागद मुंबई विद्यापीठाचा निघणार, त्यात गोंधळू नका. शिक्षण पुण्यात झालं असेल तर लॉ कॉलेज रोडच्या आयएलएस लॉ कॉलेजमध्ये विचारून बघा, ते १९२४ पासून आहे.

खरा मसाला मात्र जमिनीच्या कागदात असतो. तलाठ्याकडून, तहसीलमधून जुने सातबारे आणि फेरफार काढा, त्यात वारसांची नावं लागतात, म्हणजे कोणाला किती मुलं, कोण आधी गेलं, बहिणींनी हक्कसोड कधी केली सगळं कळतं, आणि १९५७ च्या कृषक दिनानंतर, म्हणजे कुळकायद्याने जमीन कसणारी कुळंच मालक ठरली त्या दिवसानंतर, कुळाचं नाव लागलेलं दिसलं तर घरची परिस्थिती एकदम का बदलली तेही समजतं (पक्षकारांच्या कुळकायद्याच्या केसेस लढवायच्या आणि स्वतःची जमीन जायची, असंही व्हायचं!). त्याच्याही मागची पिढी हवी असेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वंशावळीच्या वह्या बघा.

आजोबांचा म्हातारा कारकून कोणी हयात असेल तर आधी त्यांना गाठा. फी धान्यात कोण द्यायचं, आजोबा कोर्टात कोणावर चिडायचे, हे फक्त त्यांनाच माहीत. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण विचारून.